रशियन नामव्यवस्था, रूढ प्रतिमा आणि मराठी वाचक

रशियन कादंबरी वाचू लागलेला मराठी विद्यार्थी पहिली तक्रार करतो ती नावांविषयी. नावे लांबलचक आहेत, उच्चारावयास अवघड आहेत आणि एकाच पात्राला तीन-चार नावे असल्याने कोण कोणाशी बोलत आहे हेच उमगत नाही, असे त्याचे म्हणणे असते. ही तक्रार केवळ वर्गापुरती मर्यादित नाही. अनेक इंग्रजी आवृत्त्यांच्या आरंभी पात्रांच्या नावांची यादी दिलेली असते, ती याच अडचणीमुळे. या अडचणीतूनच पुढे एक समज दृढ होत जातो. रशियन नावे म्हणजे अनावश्यक गुंतागुंत; ती सुटसुटीत करून घेतली, प्रत्येक पात्राला एकच नाव दिले, तरी साहित्यकृतीचे काही बिघडत नाही, असा तो समज होय.

हा समज तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. रशियन भाषेत नावाची रूपे बदलतात ती बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातील नाते व्यक्त करण्यासाठी. नावाचे रूप हे त्या समाजातील नात्यांचे एक प्रकारचे व्याकरणच आहे. परकीयांच्या मनातील रूढ प्रतिमा मात्र या चलनवलनातील एखादेच रूप उचलते आणि ते संपूर्ण समाजावर चिकटवून टाकते. मराठी वाचकाच्या स्वतःच्या भाषेत या व्यवस्थेशी जवळीक सांगणाऱ्या अनेक गोष्टी असल्याने, इंग्रजीमार्गे आलेला हा गैरसमज स्वीकारण्याचे त्याला वस्तुतः कारण नाही.

१. त्रिपदी नाव : साम्य आणि भेद

रशियन व्यक्तीचे पूर्ण नाव तीन पदांचे असते : स्वतःचे नाव, पितृनाम आणि कुलनाम. इव्हानच्या मुलाचे पितृनाम 'इव्हानोविच', तर मुलीचे 'इव्हानोव्ना'. सेर्गेईपासून 'सेर्गेयेविच' आणि 'सेर्गेयेव्ना' ही रूपे होतात. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाची सवय असलेल्या मराठी माणसाला ही रचना परकी वाटू नये. 'तुकाराम भाऊराव साठे' आणि 'मिखाईल सेर्गेयेविच गोर्बाचेव्ह' या नावांची बांधणी वरवर पाहता एकच आहे.

परंतु हे साम्य जितके उपकारक तितकेच फसवेही आहे. मराठीत वडिलांचे नाव प्रामुख्याने कागदोपत्री राहते. हजेरीपटावर, सातबाऱ्यावर, लग्नपत्रिकेत ते असते. पण समोरच्या माणसाला 'तुकाराम भाऊराव, बसा' असे कोणी म्हणत नाही. तेथे 'राव', 'पंत', 'साहेब', 'बाई', 'अण्णा', 'तात्या' या शब्दांची योजना होते. रशियनमध्ये नाव आणि पितृनाम यांची जोडी हेच आदरार्थी संबोधन आहे. विद्यार्थी शिक्षकाला, रुग्ण डॉक्टरला, हाताखालचा माणूस वरिष्ठाला याच जोडीने हाक मारतो. म्हणजे मराठीत जे काम प्रत्यय आणि नातेवाचक शब्द करतात, ते काम रशियनमध्ये वडिलांचे नाव करते.

दुसरा भेद स्त्रीच्या नावाचा. मराठी स्त्रीच्या मधल्या नावाच्या जागी विवाहानंतर पतीचे नाव येण्याची रूढी आहे. रशियन स्त्रीचे पितृनाम आयुष्यभर तेच राहते. टॉलस्टॉयची नायिका पतीकडून 'कारेनिना' हे कुलनाम घेते, पण 'आन्ना अर्काद्येव्ना' म्हणून ती अखेरपर्यंत अर्कादीची मुलगीच असते. तिसरा भेद कुलनामाच्या लिंगाचा. पती 'कारेनिन', पत्नी 'कारेनिना'; भाऊ 'तेरेश्कोव्ह' तर बहीण 'तेरेश्कोवा'. १९६३ मध्ये अंतराळात गेलेल्या पहिल्या स्त्रीचे आडनाव 'तेरेश्कोवा' आहे, ते याच नियमाने.

'-ओव्ह' आणि '-इन' या अंत्यांची बहुसंख्य कुलनामे मुळात षष्ठीचा अर्थ दाखविणारी विशेषणे आहेत. 'इव्हानोव्ह' म्हणजे 'इव्हानचा'. या दृष्टीने महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आलेले एक नाव विचारात घेण्याजोगे आहे. पंधराव्या शतकात चौल बंदरात उतरून जुन्नर आणि बिदरपर्यंत गेलेला त्वेर नगरीचा व्यापारी आज 'अफनासी निकितिन' म्हणून ओळखला जातो. आपण 'निकितिन' हे त्याचे आडनाव समजतो. वस्तुतः तो 'निकिताचा मुलगा अफनासी' होय. त्या काळी व्यापाऱ्याला आजच्या अर्थाचे कुलनाम असणे गरजेचे नव्हते. आपल्या प्रवासवृत्तात तो सांगतो की, या देशात त्याने 'ख्वाजा यूसुफ खोरासानी' हे नाव धारण केले होते आणि बिदर येथे ओळख झालेल्या हिंदूंना त्याने विश्वासाने आपले खरे नाव व धर्म सांगितला. परक्या मुलखात कोणते नाव कोणापुढे उच्चारावे हा प्रश्न त्याच्यासाठी सुरक्षिततेचा होता, आणि खरे नाव सांगणे ही स्नेहाची खूण होती.

२. लघुरूपे : जिव्हाळा आणि अवहेलना

रशियन नावांचा खरा विस्तार दिसतो तो लघुरूपांत. अलेक्सांद्रचा साशा किंवा शूरा होतो, दिमित्रीचा मित्या किंवा दीमा, मारियाची माशा, येकातेरिनाची कात्या. या लघुरूपांना पुन्हा प्रत्यय लागतात. 'माशेन्का', 'वानेच्का' यांत लाड आहे. 'माश्का', 'वान्का' यांत सलगी किंवा तुच्छता आहे. 'वान्का' हे रूप सवंगड्याच्या तोंडी जिव्हाळ्याचे असते. मालकाच्या तोंडी तेच अपमानकारक ठरते.

मराठी वाचकाला याचे स्पष्टीकरण देण्यासाठी दूर जावे लागत नाही. 'गणपतराव', 'गणपत', 'गणू' आणि 'गण्या' ही एकाच नावाची चार रूपे चार निरनिराळी नाती सांगतात. '-या' हा प्रत्यय मित्राने लावला तर आपुलकी, आणि गावच्या पाटलाने लावला तर पायरी दाखविणे होय.

या पायरीला रशियात दीर्घ इतिहास आहे. सतराव्या शतकात झारकडे अर्ज करणारा माणूस, मग तो उच्चकुलीन का असेना, स्वतःचा उल्लेख हीनतादर्शक लघुरूपाने आणि 'तुझा गुलाम' अशा शब्दांत करीत असे. अर्जांत अशी अर्धी नावे लिहिण्याची प्रथा पीटर पहिला याने अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी बंद केली. पूर्ण '-विच' पितृनामही दीर्घकाळ वरच्या दर्जाच्या लोकांचाच मान होता; सामान्य माणूस 'पीटरचा मुलगा इव्हान' अशा साध्या रचनेवर भागवीत असे. भूदासांपैकी असंख्यांना तर स्थिर कुलनामच नव्हते. १८६१ मध्ये भूदासप्रथा रद्द झाल्यानंतर ते हळूहळू सार्वत्रिक होऊ लागले.

नावाच्या रूपातील ही विषमता समीक्षक बेलिन्स्की याच्या नजरेतून सुटली नाही. १८४७ साली गोगोलला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात, ज्या देशात माणसे स्वतःलाही खऱ्या नावांऐवजी वान्का, वास्का अशा टोपणनावांनी संबोधतात त्या देशाच्या स्थितीविषयी त्याने संताप व्यक्त केला आहे. हे पत्र मंडळींसमोर वाचून दाखविणे हा दोस्तोएवस्कीवरील एक प्रमुख आरोप होता आणि १८४९ मध्ये त्याला ठोठावण्यात आलेल्या मृत्युदंडाशी तो निगडित होता. नावाची चर्चा रशियन साहित्यात केवळ भाषिक कुतूहलाची बाब का नाही, हे यावरून ध्यानात येते. मराठीत 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनात 'दया पवार' आणि 'दगडू मारुती पवार' ही एकाच माणसाची दोन नावे समोरासमोर उभी राहतात, तेव्हा नाव आणि सामाजिक स्थान यांचा हाच संबंध प्रकट होतो. ज्याने हे पुस्तक वाचले आहे, त्याला बेलिन्स्कीचा संताप समजावून सांगावा लागत नाही.

३. 'वान्का' : एका कथेची नावांच्या अंगाने तपासणी

चेकॉव्हची 'वान्का' ही १८८६ मधील कथा या संदर्भात बारकाईने वाचण्याजोगी आहे. नऊ वर्षांचा अनाथ वान्का झुकोव्ह मॉस्कोतील एका चांभाराकडे काम शिकण्यासाठी ठेवलेला आहे. मालकाकडील मारहाण आणि उपासमार असह्य होऊन नाताळच्या आदल्या रात्री तो गावी असलेल्या आजोबांना चोरून पत्र लिहितो. कथा काही पानांचीच आहे, पण तीत नावांची संपूर्ण उतरंड आली आहे.

निवेदक मुलाला पहिल्या वाक्यापासून 'वान्का' म्हणतो. जग त्याला ज्या नावाने ओळखते ते हे नाव. वाड्यावरील तरुण मालकीणबाई, जिने त्याला लिहावाचावयास शिकविले, ती 'ओल्गा इग्नात्येव्ना' आहे. नाव आणि पूर्ण पितृनाम. त्याच वाड्यावर मोलकरीण असलेली त्याची दिवंगत आई मात्र नुसती 'पेलागेया' आहे. तिला पितृनाम नाही. रात्रीची राखण करणारे आजोबा 'कोन्स्तान्तिन माकारिच' आहेत. येथे पितृनाम आहे, पण 'माकारोविच' या पूर्ण रूपाऐवजी बोलीतील आखूड रूप आहे. वयाचा मान आणि साधी पायरी या दोन्ही गोष्टी त्या एका आखूड रूपात सामावल्या आहेत.

पत्राच्या शेवटी मुलगा सही करतो ती 'इव्हान झुकोव्ह' अशी. संपूर्ण कथेत केवळ या ठिकाणी, आणि तेही स्वतःच्या हाताने, तो स्वतःला पूर्ण नाव देतो. मार खाणारा पोर 'वान्का' आहे. लिहिता येणारा, विनवणी करू शकणारा नातू 'इव्हान' आहे. त्यानंतर पाकिटावर पत्ता म्हणून तो 'गावी, आजोबांस' एवढेच लिहितो. थोडा विचार करतो आणि 'कोन्स्तान्तिन माकारिच यांस' अशी भर घालतो. गावाचे नाव नाही, आडनाव नाही. ज्या जगातून तो आला आहे तेथे नाव आणि पितृनाम उच्चारले की माणूस सापडतो. टपालखात्याच्या जगात मात्र त्या जोडीला काही किंमत नाही. कथेतील करुण रस या दोन जगांमधील अंतरातून निर्माण होतो.

अनुवादकाने पाकिटावरील ओळ 'प्रिय आजोबांस' अशी करून सोडली, तर मुलाचे अज्ञान तेवढे शिल्लक राहते. त्याचा विश्वास नाहीसा होतो. सहीतही 'वान्का' असेच ठेवले, तर त्या मुलाने मिळविलेली एकमेव प्रतिष्ठा अनुवादक त्याच्याकडून काढून घेतो.

आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे. पत्रात आजोबांना उद्देशून मुलगा एकाच दमात आदरार्थी आणि एकेरी अशी दोन्ही सर्वनामे वापरतो. सणाच्या शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यात 'तुम्ही' येते आणि लगेच पुढे 'तू' येते. शिकविलेला शिष्टाचार आणि उचंबळून आलेली माया यांची ही ओढाताण आहे. इंग्रजीच्या एकाच सर्वनामात ती बुडून जाते; मराठीत ती जशीच्या तशी उतरू शकते.

४. कादंबरीतील नाव : कथानकाचा घटक

नावाचे रूप कधी कथानकाचाच भाग बनते. 'आन्ना कारेनिना' मध्ये पती 'अलेक्सेई अलेक्सांद्रोविच' आणि प्रियकर 'अलेक्सेई किरीलोविच व्रोन्स्की' यांचे पहिले नाव एकच आहे. प्रसूतीनंतरच्या तापाच्या ग्लानीत आन्ना या योगायोगाचा भयभीत होऊन उल्लेख करते. निवेदक मात्र पतीला बहुधा नाव आणि पितृनाम यांनी, तर प्रियकराला आडनावाने निर्देशित करतो. पतीभोवती सतत वावरणारा औपचारिकतेचा गारवा या निर्देशातूनच जाणवत राहतो. केवळ 'कारेनिन' आणि 'व्रोन्स्की' अशी सुटसुटीत जोडी केली की हा गारवा आणि आन्नाच्या ग्लानीतील भय, दोन्ही पातळ होतात.

'गुन्हा आणि शिक्षा' (१८६६) मधील तपास अधिकारी 'पोर्फिरी पेत्रोविच' याला संपूर्ण कादंबरीत आडनावच नाही. सरकारी सत्तेचा प्रतिनिधी असूनही तो केवळ बैठकीतल्या सभ्य संबोधनाने ओळखला जातो. त्याच्या घरगुती, लाघवी उलटतपासणीला हे नाव अत्यंत अनुरूप आहे. याच कादंबरीत मार्मेलादोव्हच्या श्राद्धभोजनाचा प्रसंग आहे. जर्मन वंशाची घरमालकीण आमालिया स्वतःचे पितृनाम 'इव्हानोव्ना' सांगते. विधवा कातेरिना इव्हानोव्ना हट्टाने तिला 'लुद्विगोव्ना' म्हणत राहते. वाद वाढत वाढत कोणाला वडील होते आणि कोणाला नव्हते इथपर्यंत जातो. पितृनाम हा शब्द केवळ कागदावरचा नसून प्रतिष्ठेचा आहे, हे न कळल्यास हा प्रसंग निरर्थक भांडणासारखा वाटतो.

चेकॉव्हच्या 'चेरी ऑर्चर्ड' या नाटकात म्हातारा नोकर मालकांसाठी नुसता 'फिर्स' आहे. दासी दुन्याशा मात्र त्याला 'फिर्स निकोलायेविच' म्हणते. ज्याचे वडील मालकांच्या लेखी नव्हतेच, त्याला ते नोकरांच्या जगात परत मिळतात.

५. रूढ प्रतिमा : गोठलेले नाव

या पार्श्वभूमीवर रूढ प्रतिमांचे स्वरूप स्पष्ट होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिक सोव्हिएत सैनिकाला सरसकट 'इव्हान' म्हणत. १९५९ मध्ये सुरू झालेल्या एका लोकप्रिय अमेरिकी व्यंगचित्र मालिकेतील खलजोडीला 'बोरिस' आणि 'नताशा' ही नावे देण्यात आली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यानंतर रोजगारासाठी तुर्कस्तानात आलेल्या स्त्रियांमुळे तेथे 'नताशा' हा शब्द वेश्येचा वाचक बनला. टॉलस्टॉयची नताशा रोस्तोवा आणि हा शब्द यांच्यामधील अंतर पाहिले, म्हणजे रूढ प्रतिमा नावाचे काय करते हे कळते. 'नताशा' हे 'नताल्या' चे लघुरूप आहे. ते घरच्या माणसांनी वापरावयाचे नाव आहे. प्रतिमेने ते पितृनामापासून आणि कुलनामापासून तोडले, आणि कोणाही स्त्रीला कोणीही मारावी अशी हाक त्यातून तयार झाली.

उलट दिशेचाही एक प्रवास आहे. भारतात 'नताशा', 'तान्या', 'सोनिया' ही नावे आता मुलींच्या जन्मदाखल्यावर दिसतात. रशियन कानाला लघुरूप वाटणारी ही नावे येथे पूर्ण नावे झाली आहेत. येथे अवहेलना नाही. परंतु नाव स्थलांतर करते तेव्हा त्याची नाती मागे राहतात, हे तत्त्व येथेही दिसते.

सर्व रशियन आडनावे '-स्की' ने संपतात, ही दुसरी प्रतिमा. दोस्तोएवस्की, चायकोव्हस्की, मायकोव्हस्की या ख्यातनाम व्यक्तींमुळे ती पक्की झाली असावी. प्रत्यक्षात सर्वाधिक आढळणारी रशियन आडनावे 'इव्हानोव्ह', 'स्मिर्नोव्ह', 'कुझ्नेत्सोव्ह' अशी आहेत. '-स्की' हा अंत्य पोलिश आडनावांतही विपुल आहे, '-एन्को' हा युक्रेनी आहे, '-श्विली' हा जॉर्जियन आहे, '-यान' हा आर्मेनियन आहे. सोव्हिएत काळातील प्रत्येक नाव 'रशियन' समजण्याच्या सवयीने हे वेगळेपण पुसून टाकले.

या संदर्भात किर्गीझ लेखक चिंगीझ ऐत्मातोव्ह याचे नाव उद्बोधक आहे. सोव्हिएत प्रशासनाने रशियनेतर समाजांनाही पितृनामाचा साचा लावला. त्यामुळे तो 'चिंगीझ तोरेकुलोविच' झाला. त्याचे वडील तोरेकुल यांना स्टालिनच्या काळात १९३८ मध्ये गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यांचे अवशेष १९९१ मध्ये सापडले. मधल्या अर्धशतकाहून अधिक काळात ज्या राज्यसंस्थेने त्या माणसाला नाहीसे केले, तिच्याच शिष्टाचारानुसार मुलाला आदराने हाक मारताना प्रत्येक वेळी त्याचे नाव उच्चारले जात होते.

पितृनाम एकटेही वापरले जाते. खेड्यातील वडीलधाऱ्या माणसाला नुसते 'इव्हानिच', 'पेत्रोव्ना' असे म्हणण्याची रीत आहे. व्लादिमीर इलिच उल्यानोव्ह, म्हणजेच लेनिन, याला लोक 'इलिच' म्हणत ते याच रीतीने. तुकाराम भाऊराव साठे यांचे मूळ नाव मागे पडून 'अण्णा भाऊ' हे नातेवाचक नाव रूढ झाले, त्याची येथे आठवण होते. 'माझा रशियाचा प्रवास' लिहिणाऱ्या या लेखकाचे नाव आणि 'इलिच' ही हाक, दोन्हींत आदर आणि आपलेपणा यांचा एकच मेळ आहे.

६. अनुवाद आणि अध्यापन

मराठीत आलेले रशियन साहित्य पुष्कळ अंशी इंग्रजीमार्गे आले आहे. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद राहत नसल्याने मराठी अनुवादकाला तो अंदाजाने ठरवावा लागतो. परंतु इंग्रजी अनुवादात सर्वनाम हरवले तरी नावाची रूपे बहुधा टिकून असतात, आणि तीच या बाबतीत मार्गदर्शक ठरतात. नाव आणि पितृनाम आले की सामान्यतः 'तुम्ही', लघुरूप आले की सामान्यतः 'तू'. जेथे हा मेळ बिघडतो तेथे, वान्काच्या पत्राप्रमाणे, लेखक काही विशेष सुचवीत असण्याचा संभव असतो आणि तेथे मूळ संहितेकडे जाणे आवश्यक ठरते.

पितृनामाऐवजी 'राव' किंवा 'साहेब' योजण्याचा मोह टाळणे इष्ट. असे केल्याने संबोधन परिचित होते, पण वडिलांचे नाव, आणि त्याबरोबर कुळ, पायरी व स्मृती, गळून पडते. वर्गात शिकवितानाही पात्रांची यादी पाठ करून घेण्याऐवजी एक साधा अभ्यास उपयुक्त ठरेल : एका प्रकरणात एका पात्राला कोणकोण कोणत्या नावाने हाक मारतो याची नोंद करणे आणि रूप कोठे बदलते ते शोधणे. विद्यार्थ्याला ज्या ठिकाणी गोंधळ वाटत होता, त्याच ठिकाणी नात्यातील वळण सापडते.

समारोप

रशियन नावांची गुंतागुंत ही वाचनातील अडथळा नसून वाचनाचे साधन आहे. तीन पदांचे नाव, आदरार्थी सर्वनाम आणि रूप बदलताच पायरी बदलणारी लघुरूपे या तिन्ही गोष्टी मराठी भाषकाच्या रोजच्या व्यवहारातील आहेत. पितृनामाचे संबोधनमूल्य तेवढे त्याला नव्याने शिकावे लागते. 'गणपतराव' आणि 'गण्या' यांतील अंतर ज्याने अनुभवले आहे, त्याला 'इव्हान झुकोव्ह' आणि 'वान्का' यांतील अंतर कळावयास हरकत नाही. ते कळले, म्हणजे नऊ वर्षांच्या मुलाने पाकिटावर विचारपूर्वक लिहिलेले दोन शब्द हा अपुरा पत्ता राहत नाही. त्याच्याजवळ असलेला तोच एक पुरेसा पत्ता होता, हे उमगते.